एका हाताने कर्ज, दुसऱ्या हाताने जप्ती

वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावर १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते अनेक प्रकल्पांचे उद्घाटन झाले. मुंबईतील एक लाखाहून अधिक पथविक्रेत्यांना 'पीएम स्वनिधी' योजनेखाली मंजूर झालेल्या कर्जाचे वितरणही त्याच कार्यक्रमात झाले. त्यानंतर एकोणीस महिन्यांनी, २९ ऑगस्ट २०२४ रोजी, याच शहरात नगर पथविक्रेता समित्यांवरील फेरीवाला प्रतिनिधी निवडण्यासाठी मतदान झाले. त्या निवडणुकीच्या मतदारयादीत सुमारे ३२ हजार नावे होती. कर्ज घेणारे लाखावर आणि मत देणारे बत्तीस हजार. दोन्ही आकडे सरकारीच आहेत आणि आपापल्या वहीत दोन्ही बरोबरही आहेत. मधल्या सत्तर हजारांचे काय, हा प्रश्न मात्र कोणत्याच वहीत नाही.

या सत्तर हजारांना फेरीवाला म्हणून महापालिकेनेच शिफारसपत्र दिले, त्या पत्राच्या आधारे राष्ट्रीयीकृत बँकेने त्यांना भांडवल दिले, आणि त्याच महापालिकेच्या अतिक्रमण निर्मूलन पथकाच्या लेखी ते अनधिकृत राहिले. लहान व्यवसायांना सरकारने आधार द्यावा आणि त्यांचे नियमनही करावे, याविषयी कोणाचे दुमत नाही. पण आधार एका खात्याने द्यायचा, नियमन दुसऱ्याने करायचे आणि दोघांनी एकमेकांचे कागद पाहायचेच नाहीत, असा कारभार सुरू झाला की त्याचे पर्यवसान कशात होते, हे पाहायचे असेल तर मुंबईच्या पदपथासारखी दुसरी जागा नाही.

भाजी किंवा फुले विकणाऱ्याचा दिवस पहाटे सुरू होतो. दादरच्या घाऊक बाजारातून किंवा वाशीच्या बाजार समितीतून माल उचलायचा, तो टेम्पोत भागीने भाडे भरून आणायचा आणि चाकरमान्यांची गर्दी सुरू होण्यापूर्वी पाटी लावायची. माल रोखीने घ्यावा लागतो. त्यासाठी सकाळी नऊशे रुपये उचलून संध्याकाळी हजार फेडण्याची पद्धत अनेक बाजारांत वर्षानुवर्षे चालत आली आहे. हा व्याजाचा दर वार्षिक हिशेबात मांडायला गेले तर आकडेमोड करणाऱ्यालाच घेरी यावी. अशा माणसाला विनातारण दहा हजार रुपये मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. त्या पैशातून निदान काही आठवडे तरी सावकाराचे दार टाळता येत होते. पण कोपऱ्यावरून 'गाडी आली' अशी हाक उठली आणि चादरीची चार टोके बांधून गल्लीत पळण्याआधीच पथकाचा हात मालावर पडला, तर ते भांडवल पालिकेच्या गोदामात जाते. कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला खात्यातून वळता होतो.

कायदा झाला, पण...

फेरीवाल्यांचा प्रश्न सोडवण्यासाठी देशात कायदा नाही, असे आता कोणालाही म्हणता येणार नाही. बॉम्बे हॉकर्स युनियनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये फेरीवाला क्षेत्रे व ना-फेरीवाला क्षेत्रे ठरवण्याची चौकट घालून दिली. १९८९ मध्ये सोदान सिंग खटल्यात रस्त्यावर व्यवसाय करणे हा, वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून, घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात मोडणारा हक्क असल्याचे न्यायालयाने मान्य केले. त्यानंतर २००४ मध्ये राष्ट्रीय धोरण आले, २००९ मध्ये ते सुधारून पुन्हा आले. धोरण पाळले नाही म्हणून कोणाला शिक्षा होत नसते, त्यामुळे ते कागदावरच राहिले. अखेर २०१० मध्ये गेंदाराम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला कायदा करण्यासाठी मुदतच घालून दिली. ती मुदतही उलटली. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम संमत होऊन १ मे २०१४ पासून अमलात आला.

हा अधिनियम वाचणाऱ्याला सुखद धक्का बसावा, असा आहे. प्रत्येक शहराने दर पाच वर्षांनी पथविक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे. सर्वेक्षणात आढळलेल्या विक्रेत्यांना शहराच्या, प्रभागाच्या वा परिमंडळाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्के या मर्यादेत सामावून घ्यायचे. प्रत्येकाला विक्री प्रमाणपत्र द्यायचे. हे सारे नगर पथविक्रेता समितीच्या संमतीने करायचे आणि त्या समितीत किमान चाळीस टक्के सदस्य फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असायचे, त्यांतही एक तृतीयांश महिला. सर्वांत महत्त्वाचे कलम तिसरे. सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्व पथविक्रेत्यांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता किंवा हलवता येणार नाही, असे त्यात स्पष्ट शब्दांत म्हटले आहे. हटवायचेच झाले तर तीस दिवसांची नोटीस. जप्ती करायची तर मालाची यादी करून तिची प्रत विक्रेत्याच्या हाती द्यायची. टिकाऊ माल, शुल्क भरल्यावर, दोन कामकाजाच्या दिवसांत आणि नाशवंत माल त्याच दिवशी परत. इतर कायद्यांतील तरतुदी याच्याशी विसंगत असतील तर हाच अधिनियम वरचढ ठरेल, असेही त्यात लिहिलेले आहे.

हे 'वरचढ' प्रकरण मुंबईत मोठे गमतीचे आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ सालचा. त्यातील ३१४ वे कलम रस्त्यावर विक्रीस मांडलेली वस्तू पूर्वसूचनेविना उचलण्याचा अधिकार आयुक्तांना देते. राणीच्या राज्यातील हे कलम आणि २०१४ चा अधिनियम एकमेकांसमोर उभे राहिले की रस्त्यावर राणीचेच कलम जिंकते, असा फेरीवाल्यांचा अनुभव आहे. त्यामागचे प्रशासनाचे तर्कशास्त्र साधे आहे. ज्याच्याजवळ प्रमाणपत्र नाही तो पथविक्रेताच नव्हे, मग त्याला नव्या अधिनियमाचे संरक्षण कसले? प्रमाणपत्रे देण्याचे काम कोणाचे होते, हा पुढचा प्रश्न या तर्कशास्त्रात येत नाही.

मुंबईत सर्वेक्षण झाले ते २०१४ मध्ये. सुमारे ९९ हजार अर्ज महापालिकेकडे आले. छाननीत त्यांतील बहुसंख्य गळाले आणि पहिल्या फेरीत पात्र ठरलेल्यांची संख्या पंधरा हजारांच्या आसपास राहिली. अधिवासाचा दाखला हे गळतीचे एक प्रमुख कारण. दिवसभर पाटी लावून बसणाऱ्याने पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जुळवायचे, तेही शहरात निम्म्याहून अधिक वेळा घर बदललेले असताना, ही अपेक्षा ठेवणाऱ्यांनी स्वतःचे वीजबिल कधी शोधून पाहिले नसावे. राज्य सरकारचे नियम २०१६ मध्ये आणि योजना २०१७ च्या जानेवारीत आली, म्हणजे आधी सर्वेक्षण आणि नंतर ते कसे करावे याचे नियम. पुढे पात्रतेचे निकष थोडे सैल होत आकडा बत्तीस हजारांवर गेला. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या एक कोटी चोवीस लाखांवर होती. अधिनियमातील अडीच टक्क्यांची मर्यादा लावली तरी तीन लाखांहून अधिक विक्रेत्यांना सामावता येते. हा कमाल आकडा आहे, इतके फेरीवाले बसवलेच पाहिजेत असे कायदा म्हणत नाही. तरीही तीन लाखांची मर्यादा, एक लाखाचे अर्ज आणि बत्तीस हजारांची यादी ही उतरंड बोलकी आहे.

कर्ज सोपे, जागा अवघड

करोनाच्या टाळेबंदीने रस्ते ओस पडले तेव्हा फेरीवाल्यांकडे शिल्लक भांडवल उरले नव्हते. केंद्र सरकारने १ जून २०२० रोजी पीएम स्वनिधी योजना जाहीर केली. पहिले कर्ज दहा हजारांचे, वर्षभरात फेडायचे. ते वेळेवर फेडले की वीस हजार आणि त्यानंतर पन्नास हजार. नियमित परतफेड करणाऱ्याला व्याजात सात टक्के सवलत, आणि क्यूआर कोडवरून पैसे स्वीकारल्यास वर्षाला बाराशे रुपयांपर्यंत परतावा. तारण नाही, जामीन नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने या योजनेची फेररचना करून तिला ३१ मार्च २०३० पर्यंत मुदतवाढ दिली. पहिला टप्पा पंधरा हजारांपर्यंत आणि दुसरा पंचवीस हजारांपर्यंत वाढवण्यात आला. दुसरे कर्ज फेडणाऱ्यास यूपीआयशी जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड देण्याचेही ठरले. त्यासाठी ७ हजार ३३२ कोटी रुपयांची तरतूद आहे.

या योजनेला नुसते निवडणुकीचे आमिष ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. जुलै २०२५ अखेरपर्यंत देशभरात ६८ लाखांहून अधिक विक्रेत्यांना ९६ लाखांहून अधिक कर्जे मिळाली आणि त्यांची रक्कम १३ हजार ७९७ कोटी रुपये होती. म्हणजे एका कर्जामागे सरासरी साडेचौदा हजारांहून थोडे कमी. ज्या वर्गाला बँकेच्या दारात रखवालदाराच्या पुढे जाता येत नव्हते, त्याचा पतइतिहास प्रथमच तयार झाला. एखाद्या सरकारी योजनेने पाच वर्षांत इतकी मजल मारणे दुर्मिळच.

तथापि याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ६८ लाख विक्रेते आणि ९६ लाख कर्जे, म्हणजे दुसरी व तिसरी कर्जे मिळून २८ लाखांच्या आसपास. याचा अर्थ किमान चाळीस लाख विक्रेते तोवर पहिल्याच पायरीवर होते. त्यांतील काहींची फेड सुरू असेल, काहींना पुन्हा कर्ज नको असेल, काहींनी गावाची वाट धरली असेल. पण शिडी म्हणून आखलेल्या योजनेत निम्म्याहून अधिक माणसे पहिल्या पायरीवर का आहेत, याचा विचार करताना पायरी ज्या जमिनीवर टेकवली आहे तिच्याकडेही पाहावे लागते. ज्याला उद्या कुठे बसता येईल हे ठाऊक नाही, त्याने पन्नास हजारांचा माल कुठे मांडावा? मोठ्या कर्जाने मोठा माल येतो आणि मोठा माल चादरीत बांधून पळता येत नाही. बेकायदा ठरवलेला धंदा लहानच ठेवणे, यातच शहाणपण असते.

वास्तविक योजना आखणाऱ्यांना हे ठाऊक होते. ज्या राज्यांनी २०१४ च्या अधिनियमाखाली नियम व योजना अधिसूचित केल्या आहेत, त्यांनाच स्वनिधीचा लाभ मिळेल, अशी अट मार्गदर्शक सूचनांत होती. सर्वेक्षणातून सुटलेल्या विक्रेत्याने साध्या कागदावर अर्ज केला तरी पालिकेने पंधरा दिवसांत शिफारसपत्राचा निर्णय करावा, आणि शिफारसपत्र दिल्यापासून तीस दिवसांत त्याला विक्री प्रमाणपत्र किंवा ओळखपत्रही द्यावे, असे त्यात नमूद होते. म्हणजे कर्जाच्या निमित्ताने मान्यताही पदरात पडावी, असा हेतू होता. प्रत्यक्षात पहिला अर्धा भाग झपाट्याने पूर्ण झाला. उद्दिष्टे ठरली, प्रभाग कार्यालयांत शिबिरे लागली, बँकांना मंजुरीचे आकडे कळवावे लागले. दुसऱ्या अर्ध्या भागाला ना उद्दिष्ट, ना आढावा बैठक. कर्ज मिळाले म्हणजे जागेवर हक्क मिळाला असे नाही, ही भूमिका मग ओघानेच आली.

जानेवारी २०२१ पासून 'स्वनिधी से समृद्धी' या नावाने आणखी एक काम सुरू झाले. कर्जदार विक्रेत्याच्या कुटुंबाची सामाजिक-आर्थिक माहिती गोळा करून त्याला विमा, निवृत्तिवेतन, मातृत्व लाभ, एक देश एक शिधापत्रिका अशा आठ केंद्रीय योजनांशी जोडायचे. उपक्रम चांगलाच आहे. पण आता स्थिती अशी, की सरकारला फेरीवाल्याच्या घरी किती माणसे आहेत हे ठाऊक आहे, त्याच्या मोबाइलवर रोज किती व्यवहार होतात हेही ठाऊक आहे. तो बसतो कुठे, एवढेच सरकारच्या नोंदीत येत नाही.

या उलट्या न्यायाची तुलना दुकानदाराशी करून पाहावी. महाराष्ट्राचा नवा दुकाने व आस्थापना अधिनियम १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला त्यात नोंदणीची गरज उरली नाही, ऑनलाइन सूचना दिली की पुरे. जुना गुमास्ता परवाना आणि त्याचे दरवेळचे नूतनीकरण यांतून लहान दुकानदाराची सुटका झाली. उद्योगसुलभतेच्या नावाखाली झालेला हा बदल स्वागतार्हच होता. परंतु राज्याने भिंतींच्या आतील लहान व्यावसायिकावर विश्वास टाकला आणि भिंतीबाहेरच्या त्याच्याच लहान भावाकडून पंधरा वर्षांचे पुरावे मागितले.

पादचाऱ्याची बाजू

आतापर्यंतचे विवेचन वाचून मुंबईकर वाचक मनातल्या मनात एक प्रश्न विचारत असणार. आम्ही चालायचे कुठून? हा प्रश्न रास्त आहे आणि फेरीवाल्यांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ जण तो टाळतात. ज्येष्ठ नागरिक, लहान मुलाला घेऊन निघालेली आई, चाकाच्या खुर्चीवरील माणूस यांना मुंबईच्या अनेक पदपथांवर पाऊल ठेवता येत नाही, हे डोळ्यांना दिसणारे सत्य आहे. सोसायटीच्या फाटकाशी धूर सोडणारी शेगडी आणि उघड्यावर ओतलेले खरकटे पाणी यांचे समर्थन कोणताही कायदा करत नाही. पदपथावर दुकानाची पायरी वाढवणारे आणि समोरची जागा फेरीवाल्याला भाड्याने देणारे दुकानदारही या गर्दीत आहेत, ही गोष्ट वेगळी.

एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. दुर्घटनेचा रोख काही दिवसांतच स्थानकांबाहेरील फेरीवाल्यांकडे वळला आणि महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे कार्यकर्ते रस्त्यावर उतरून त्यांना हटवू लागले. अरुंद पूल हा रेल्वेचा प्रश्न होता, रेल्वेच्या जागेला तर २०१४ चा अधिनियम लागूच होत नाही. पण लोकक्षोभाला तपशिलाची गरज नसते. १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने स्थानकांपासून दीडशे मीटर आणि शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळांपासून शंभर मीटर अंतरात फेरीवाल्यांना मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मुंबईसाठी घातलेल्या अटींतही हीच अंतरे होती.

नकाशावर दीडशे मीटरचे वर्तुळ काढणे सोपे आहे. मुंबईत मात्र ग्राहक त्या वर्तुळातूनच चालतो. संध्याकाळी लोकलमधून उतरलेली नोकरदार स्त्री घरी जाताना वाटेवर भाजी घेते, ती त्यासाठी दीडशे मीटर उलट दिशेने जाणार नाही. विक्रेता आणि ग्राहक जिथे आपसूक भेटतात त्याला २०१४ च्या अधिनियमाने 'नैसर्गिक बाजार' असे नाव देऊन मान्यता दिली, आणि पन्नास वर्षांहून जुने असे बाजार हलवू नयेत, इतपत संरक्षणही दिले. एका बाजूला नैसर्गिक बाजार, दुसऱ्या बाजूला दीडशे मीटरची रेषा. या दोहोंचा मेळ कुठे आणि किती घालायचा, हे ठरवण्यासाठी नगर पथविक्रेता समिती निर्माण झाली होती. तिच्यात फेरीवाल्यांबरोबर पोलीस, वाहतूक, नियोजन अधिकारी आणि रहिवाशांच्या संघटना यांनाही स्थान आहे. तिथे बसून भांडायचे, मग ठरवायचे आणि ठरले की दोन्ही बाजूंनी पाळायचे.

ते घडले नाही. महापालिकेने पुढच्या काही महिन्यांत फेरीवाला क्षेत्रांची यादी जाहीर केली तेव्हा आधीच्या सुमारे ८६ हजार जागांच्या प्रस्तावावर हरकतींचा पाऊस पडला. आमच्या रस्त्यावर नको, हा सर्वपक्षीय सूर होता. काटछाट होत गोष्ट ४०४ रस्ते आणि तीस हजारांहून थोड्या अधिक जागांवर आली, आणि तीही रेंगाळली. भाजी दारात हवी, भाजीवाला मात्र शेजारच्या गल्लीत असावा, अशी मध्यमवर्गीय मुंबईकराची इच्छा असते आणि त्या इच्छेला मतांचे बळ असते. फेरीवालाही मतदार आहे, पण त्याचे मत अनेकदा ज्या प्रभागात तो राहतो तिथले असते. तो पाटी लावतो त्या प्रभागाच्या नगरसेवकाला त्याची फिकीर का वाटावी?

अनिश्चितता कोणाला हवी?

या रखडण्यात सर्वांचेच नुकसान आहे असे म्हणण्याचा प्रघात आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. अनधिकृत विक्रेता हा वसुलीला सोयीचा असतो. ज्याच्याजवळ प्रमाणपत्र आहे तो नियम दाखवतो, पावती मागतो, तक्रार करतो. ज्याच्याजवळ ते नाही तो हप्ता देतो. मुंबईत फेरीवाल्यांच्या संघटनांनी आणि अभ्यासकांनी गेली कित्येक वर्षे हेच सांगितले आहे. नवे परवाने देणे महापालिकेने अनेक दशकांपूर्वीच जवळजवळ बंद केले. त्या काळात फेरीवाले कमी झाले नाहीत, परवान्याच्या शुल्काऐवजी दुसरीकडे जाणारा पैसा तेवढा वाढला. ज्या व्यवस्थेत नियमबद्धतेपेक्षा अनिश्चिततेचे उत्पन्न अधिक, तिथे सर्वेक्षणाला मुहूर्त मिळत नाही यात नवल नाही.

समितीच्या निवडणुकीचीही तीच कथा. अधिनियम लागू झाल्यानंतर दहा वर्षांनी मुंबईत मतदान झाले. एक शिखर समिती आणि सात परिमंडळांच्या सात, अशा आठ समित्यांसाठी हे मतदान होते. मतदारयादी दहा वर्षांपूर्वीच्या सर्वेक्षणावर आधारलेली, म्हणून फेरीवाला संघटनांचा तिलाच आक्षेप. मतदान झाले तरी निकालाचा प्रश्न न्यायालयीन वादात सापडला. दरम्यानच्या काळात कारवाया थांबल्या नाहीत आणि कर्जवाटपही थांबले नाही. दोन्ही समांतर रुळांवरून चालत राहिले.

इतर शहरांनी काही वेगळे करून पाहिले आहे. भुवनेश्वरमध्ये २००७ च्या सुमारास महापालिका, फेरीवाला संघटना आणि खासगी भागीदार यांनी मिळून विक्री क्षेत्रे आखली आणि एकसारखे ठेले उभारले. कायदा होण्याआधीच हा प्रयोग झाला, त्यामुळे इच्छा असेल तर कायद्यासाठी थांबावे लागत नाही हे दिसले. चंडीगडचा अनुभव याच्या उलट आहे. तिथे प्रशासनाने सर्वेक्षण केले, नोंदणी केली, जागाही आखल्या, आणि डिसेंबर २०१९ मध्ये गजबजलेल्या सेक्टरांतून विक्रेत्यांना नव्या जागांवर हलवले. कागदोपत्री सारे यथासांग. पण अनेक नव्या जागांवर ग्राहक फिरकलाच नाही, ओटे रिकामे राहिले आणि मासिक शुल्काची थकबाकी वाढत गेली. जागा देताना गिऱ्हाईक कुठून येणार, हे ज्याने आयुष्यभर रस्त्यावर धंदा केला त्यालाच विचारावे लागते. समितीत चाळीस टक्के फेरीवाले ठेवण्यामागे हाच व्यवहार होता.

मुंबईपुरते पाहिले तर करण्यासारखे पहिले काम अवघड असले तरी अज्ञात नाही. स्वनिधीच्या लाखाहून अधिक कर्जदारांची नावे, आधार क्रमांक व मोबाइल क्रमांक उपलब्ध आहेत आणि शिफारसपत्रे महापालिकेच्याच सहीची आहेत. नव्या सर्वेक्षणाचा आरंभ या यादीपासून करता येईल. यादीत बोगस नावे शिरली असतील, एका कुटुंबाने दोन कर्जे घेतली असतील, काहींनी धंदा सोडलाही असेल. ती छाटण्यासाठीच तर प्रत्यक्ष पाहणी असते. ज्यांची नोंद होईल त्यांना जागा, वेळ आणि लांबी-रुंदी ठरवून द्यावी, आणि जो त्या चौकटीबाहेर पाऊल टाकेल त्याच्यावर नियमाने कारवाई करावी. अधिनियमात अटी मोडणाऱ्याला दोन हजारांपर्यंत दंड आणि प्रमाणपत्र रद्द करण्याची तरतूद आहे. पादचाऱ्याला मोकळा पदपथ मिळण्याचा मार्गही यातूनच जातो, कारण ज्याला गमावण्यासारखे प्रमाणपत्र आहे, तोच आपल्या शेजारी बसणाऱ्या अकराव्या माणसाला हटकतो. आज तसे हटकण्याचे कारण कोणालाच नाही.

तोवर एक पिढी बदलली आहे. २०१४ च्या सर्वेक्षणात आईची पाटी नोंदली गेली असेल, पण ती आता थकली आणि तिच्या जागी मुलगा बसतो. किंवा तेव्हा आईचाच अर्ज अधिवासाच्या दाखल्याअभावी फेटाळला गेला असेल. मुलाजवळ आज क्यूआर कोड आहे, बँकेचे खाते आहे, शिफारसपत्र आहे, पहिले कर्ज फेडल्याची नोंद आहे. योजनेच्या नव्या टप्प्यात तो पंचवीस हजारांसाठी अर्ज करू शकतो. कर्जाच्या कागदांत विक्रीचे ठिकाण नमूद करावे लागते. तो आईच्याच जागेचे नाव लिहितो, बँक ते मान्य करते. त्याच ठिकाणाचे नाव प्रभाग कार्यालयातील दुसऱ्या टेबलावर, आठवड्याच्या कारवाईच्या तक्त्यातही असते.